मनोऱ्याला जखडू नये, सावरावे

२० मे २०१२ च्या पहाटे उत्तर इटलीतील फिनाले एमिलिया गावातला तेराव्या शतकातील घड्याळाचा मनोरा भूकंपाने उभा चिरला. उरलेल्या भिंतीवर घड्याळाची अर्धी तबकडी काही तास टिकून होती. त्याच दिवशीच्या पुढच्या धक्क्याने तीही कोसळली.

वीट-चुन्याचे बांधकाम दाब उत्तम पेलते, ताण मात्र त्याला सोसत नाही. मनोरा डोलू लागला की एका बाजूचा दाब वाढतो, दुसऱ्या बाजूचा सरतो आणि तिथले सांधे उघडू लागतात. माथ्याकडे तर वरून दाबून धरणारा भार थोडा, हेलकावा मोठा आणि भिंतीत खिडक्या.

याच प्रदेशात त्रिन्यानो येथे सान जॉर्जो चर्चचा सुमारे १८.५ मीटर उंचीचा घंटामनोरा आहे. शेजारच्या इमारतींनी त्याचा खालचा भाग तीन बाजूंनी धरून ठेवलेला, त्यामुळे ऑक्टोबर १९९६ च्या भूकंपात तो वरच्या मोठ्या खिडक्यांपाशी तुटला. दुरुस्तीत आतल्या चारही कोपऱ्यांत पायापासून माथ्यापर्यंत पोलादी सळ्या ताणून बसवल्या गेल्या. या ताणामुळे भिंतीवर सुमारे २ टनांच्या वजनाइतका दाब प्रत्येक कोपऱ्यात कायम राहतो, म्हणजे सांधा उघडण्याआधी भूकंपाला तेवढा दाब संपवावा लागतो.

परंतु नुसत्या पोलादात एक धोका आहे. मनोरा झुकला की सळई ताणली जाते, तिचा जोर वाढत जातो आणि जुना चुनाच चिरडू शकतो. सळई मर्यादेपलीकडे ताणली गेली, तर ती कायमची सैल पडते. म्हणून प्रत्येक सळईच्या मार्गात निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या, १ मिलिमीटर जाडीच्या ६० तारांचा जुडगा जोडला आहे. ठरावीक जोरानंतर या धातूच्या स्फटिकांची रचनाच बदलते, त्यामुळे तार बरीच लांबते तरी जोर फारसा वाढत नाही, आणि भार उतरताच ती मूळ लांबीवर येते. या ये-जा करण्यात हादऱ्याची काही ऊर्जाही खर्ची पडते. मला या युक्तीचे मोल वाटते ते तिच्या संयमामुळे: आतून काँक्रीट ओतून मनोरा ताठ करणे सोपे होते, पण ताठ झालेले बांधकाम अधिक जोर ओढून घेते. भेगा भरतानाही याच कारणासाठी कडक सिमेंटपेक्षा चुना बरा.

जून २००० मध्ये त्याच भागात पुन्हा, किंचित सौम्य, भूकंप झाला. तपासणीत मनोऱ्याला इजा आढळली नाही. अर्थात एवढ्यावरून मोठ्या भूकंपाची हमी देता येत नाही.