जपानला लष्कर नाही म्हणे!

‘जपानने लष्करावर एक पैसा खर्च केला नाही, म्हणून तो श्रीमंत झाला’ हा फॉरवर्ड तुम्हीही वाचला असेल. अर्धं सत्य असं की १९४७च्या राज्यघटनेतलं कलम ९ खरोखरच सैन्य बाळगणार नाही असं म्हणतं. पण १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकेच्या सांगण्यावरून ७५ हजारांचं ‘राखीव पोलीस दल’ उभं राहिलं. त्यातूनच १९५४मध्ये ‘स्वसंरक्षण दल’ झालं. नावांची कसरत तर बघा, रणगाड्याला कागदोपत्री ‘विशेष वाहन’ म्हणत! आज या दलात दोन लाखांहून जास्त माणसं आहेत, पाणबुड्या आहेत, एफ-३५ विमानं आहेत. आपल्या नौदलासोबत मलबार कवायतीतही ते असतं.

लष्कर खरोखर मोडीत काढलं ते मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या छोट्या देशाने. १ डिसेंबर १९४८ला तिथले तेव्हाचे सत्ताप्रमुख होसे फिगेरेस यांनी राजधानीतल्या बराकीच्या भिंतीवर हातोडा मारला. तिथे आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळला. तरी दरडोई उत्पन्नात तो जपानच्या मागेच.

मग जपानच्या भरभराटीचं काय? संरक्षणखर्च बराच काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास राहिला, त्याचा फायदा झालाच. पण अमेरिकेचं संरक्षण, बचत, शिक्षण, निर्यात आणि (हे सांगायला जरा कडू) त्याच कोरियन युद्धात अमेरिकी लष्कराने जपानी कारखान्यांना दिलेल्या ऑर्डरी, यांचा वाटा फॉरवर्डमध्ये कुठेच नसतो. २०२२मध्ये तर जपानने हा खर्च दोन टक्क्यांवर न्यायचं ठरवलं.