विलो वृक्षांचे उत्तर गोलार्धातील वितरण

विलो म्हणजे सॅलिक्स प्रजातीतील वृक्ष, झुडपे आणि जमिनीला चिकटून वाढणाऱ्या खुरट्या वनस्पती. कुल सॅलिकेसी; पॉप्लरही याच कुलातला. विलोच्या जाती सुमारे ३५० ते ४५० मानतात. आकड्यात एवढी तफावत पडते, कारण या जातींचा आपापसांत सहज संकर होतो आणि स्वतंत्र जात कोणती, यावर तज्ज्ञांचे एकमत होत नाही. बहुतेक जाती उत्तर गोलार्धाच्या थंड व समशीतोष्ण पट्ट्यात आहेत. एकट्या चीनमध्ये २५०हून अधिक, तर उत्तर अमेरिकेत शंभराच्या आसपास. दक्षिण अमेरिका व आफ्रिकेत मोजक्याच. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये मूळची एकही नाही. तिथे दिसतात ते विलो माणसाने नेलेले.

मुंबईत विलो ओळखीचा आहे तो बॅटमुळे. धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत ‘इंग्लिश की काश्मीर?’ असे विचारले जाते ते किमतीचा अंदाज घेण्यासाठी, पण प्रश्न वनस्पतिभूगोलाचाच आहे. उत्तम बॅटचे लाकूड सॅलिक्स आल्बा या जातीच्या सेरुलिया प्रकाराचे. मूळ जात युरोपपासून मध्य आशियापर्यंत नदीकाठी वाढते व २५ मीटरपर्यंत उंच होते. गिऱ्हाईक बॅटच्या तोंडावरच्या ज्या उभ्या रेषा, म्हणजे ग्रेन, मोजून घेते, त्या झाडाची वार्षिक वलये असतात. हिवाळ्यात वाढ थांबते आणि वसंतात पुन्हा सुरू होते, म्हणून ती इतकी स्पष्ट उमटतात.

बहुतेक वृक्षकुलांची विविधता विषुववृत्ताकडे वाढत जाते. विलोचे उलटे आहे. याचे मोठे कारण त्याच्या बीमध्ये आहे. बी अतिशय लहान, कापसासारख्या तंतूंनी वेढलेले, वाऱ्यावर व पाण्यावर दूर जाणारे. पण त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो आणि बहुतेक जातींत ते काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत निकामी होते. तेवढ्यात त्याला ओली, उघडी, सावली नसलेली माती मिळाली पाहिजे. घनदाट अरण्यात अशी जागा नसते. उत्तरेत मात्र ती सतत नव्याने तयार होते: मागे सरकणाऱ्या हिमनदीखालून निघालेली जमीन, बर्फ वितळताना पुराने खरवडलेला काठ, नदीतले गोट्यांचे बेट. आर्क्टिकमध्ये पाऊस व हिम मिळून पडते ते थोडेच. पण खालची जमीन कायम गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही आणि वरचा थर उन्हाळाभर ओला राहतो. मुंबईत याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत; पुढचे आठ महिने कोरडे. महाराष्ट्रातला देशी विलो, म्हणजे वाळुंज (सॅलिक्स टेट्रास्पर्मा), म्हणूनच ओढे व नद्यांचे काठ धरून राहतो. महाबळेश्वर परिसरात तो पाहायला मिळतो.

उत्तरेकडे जावे तशी विलोची उंची घटत जाते. सायबीरियातील ओब, येनिसेई, लेना यांच्या पूरमैदानांत उंच झुडपांची रानेच्या राने आहेत. अलास्का व ईशान्य आशियातला सॅलिक्स अलाक्सेन्सिस वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथे थंडीमुळे वृक्षांची वाढ संपते त्या सीमेच्या, पलीकडेही नदीकाठी माणसाहून उंच वाढतो. त्यानंतर येतात हिमाच्या आवरणाखाली हिवाळा काढणाऱ्या खुरट्या जाती. सॅलिक्स हर्बेशिया फक्त १ ते ६ सेंटीमीटर उंच. पूर्व कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड, स्कँडिनेव्हिया असा तो अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना आहे आणि हिमयुगाच्या मागे राहिलेल्या खुणेप्रमाणे आल्प्स व पिरेनीजच्या माथ्यांवरही. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर मुख्यतः सॅलिक्स पोलारिस. सर्वांत पुढे सॅलिक्स आर्क्टिका, ग्रीनलंडच्या उत्तर किनाऱ्यावर ८३ अंश अक्षांशापर्यंत. काष्ठमय वनस्पतींत याच्याही उत्तरेला कोणी नाही. उंची सहसा १५ सेंटीमीटरच्या आत, पण पूर्व ग्रीनलंडमधल्या एका झुडपाचे वय २३६ वर्षे निघाले. त्याची वलये बॅटच्या ग्रेनसारखी दुकानात उभे राहून मोजता येणार नाहीत; सूक्ष्मदर्शक लागतो. या जातीत नर व मादी झाडे वेगळी असतात आणि ती जागाही वाटून घेतात: ओलसर भागात माद्या अधिक, कोरड्या भागात नर. आर्क्टिकमधले मूळ रहिवासी इन्युइट लोक त्याच्या बियांचा कापूस शेवाळात मिसळून दिव्याची वात करत.

बेरिंग सामुद्रधुनीच्या जागी हिमयुगात कोरडी जमीन होती, त्यामुळे अलास्का व रशियाच्या ईशान्य टोकाचा चुकोत्का यांच्यात अनेक जाती सामाईक आहेत. याउलट सॅलिक्स जेजुना ही जात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगतच्या चुनखडीच्या माळांखेरीज कुठेच नाही. कॅनडातल्या अथाबास्का सरोवराजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरही खास तिथलेच विलो आहेत. नवी जमीन हा वृक्ष किती झटपट गाठतो, हे आइसलंडजवळच्या सुर्त्सी बेटावर दिसले. १९६३मध्ये समुद्रातल्या ज्वालामुखीतून बेट वर आले आणि १९९८मध्ये तिथे सापडलेले पहिले झुडूप विलोचेच होते.

भारतात उत्तरेची परिस्थिती हिमालय उंचीच्या रूपाने पुरवतो. वृक्षरेषेच्या वर सॅलिक्स लिंडलियानासारखे सरपटणारे विलो आहेत. लडाखमधला विलो, म्हणजे तिकडचा चंगमा, बहुतांशी लावलेला. घराच्या छतात पॉप्लरच्या तुळयांवर त्याच्या बारीक काठ्या अंथरतात. काश्मीरमध्ये वुलर सरोवराच्या काठावर केलेली लागवड अंगाशी आली. झाडांनी गाळ अडवला, सरोवर आक्रसले आणि आता तीच झाडे काढावी लागत आहेत.

तापमानवाढीने हा नकाशा हलू लागला आहे. अलास्काच्या उत्तर उतारावरील जुन्या व नव्या हवाई छायाचित्रांची तुलना केली असता आल्डर, विलो व बर्च यांची झुडपे वाढलेली दिसतात. त्यांच्यामागोमाग मूस हरणेही टुंड्रात शिरली आहेत. स्कॉटलंडमध्ये सॅलिक्स लॅनाटाची गत वेगळी आहे. मेंढ्या व हरणे पोहोचू शकत नाहीत अशा कड्यांवरच त्याची थोडी झुडपे उरली आहेत. तिथे विलोची हद्द हवामानापेक्षा चराईने ठरवली आहे.