संत्र्यांच्या ढिगातून डीप लर्निंग

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांच्या ढिगाकडे नजर टाकून मुरलेला व्यापारी चांगलं फळ कोणतं आणि डागी कोणतं ते लगेच सांगतो. पण कशावरून ओळखलं, याचे नियम लिहून द्या म्हटलं तर ते त्याला जमणार नाही. हजारो फळं हाताखालून गेली, नजर बसली. डीप लर्निंग या संगणकाला शिकवण्याच्या पद्धतीत यंत्राची नजरही अशीच बसवतात: नियम सांगायचे नाहीत, उदाहरणं दाखवायची.

हे घरी करून बघता येतं, प्रोग्रॅमिंगची एक ओळही न लिहिता. गूगलचं ‘टीचेबल मशीन’ हे साधन ब्राउझरमध्ये फुकट चालतं. वीस चांगली आणि वीस डागी संत्री घ्या. प्रत्येक गटातली पाच फळं बाजूला ठेवा, त्यांचे फोटो यंत्राला द्यायचे नाहीत. उरलेल्या प्रत्येक फळाचे चार-पाच बाजूंनी फोटो काढून दोन वर्गांत टाका आणि ‘ट्रेन’चं बटण दाबा.

आत काय घडतं? प्रत्येक फोटो २२४ × २२४ ठिपक्यांचा होतो. ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे एका फोटोचे १,५०,५२८ आकडे. ते हिशेबांच्या एका जाळ्यातल्या एकामागोमाग एक थरांतून जातात. सुरुवातीचे थर कडा आणि रंगांचे बदल टिपतात, मधले पोत, पुढचे आकार. ‘डीप’ म्हणतात ते या थरांच्या खोलीला.

शिकणं म्हणजे तानपुरा लावणं. तार किती बेसूर आहे ते ऐकायचं आणि खुंटी त्या अंदाजाने पिळायची. बेसूरपणाचं माप म्हणजे ‘लॉस’, खुंट्या म्हणजे ‘वेट’. फरक इतकाच की इथे खुंट्या लाखो असतात आणि चुकीत कोणत्या खुंटीचा किती वाटा, हे शेवटच्या थरापासून मागे मागे हिशेब करत काढलं जातं. एका वेळी खुंटी किती पिळायची ते ‘लर्निंग रेट’ ठरवतो. टीचेबल मशीनमध्ये तो सुरुवातीला ०.००१ असतो. फार वाढवला की सूर ओलांडून पुढे जातो आणि आलेखावरची लॉसची रेघ उड्या मारू लागते. ‘इपॉक’ ५० म्हणजे शिकवणीतले सगळे फोटो पन्नास वेळा नजरेखालून गेले.

सव्वाशे-दीडशे फोटोंत काम भागतं, कारण आतलं जाळं कोरं नसतं. ‘मोबाइलनेट’ नावाचं हे जाळं आधीच लाखो फोटोंवर शिकलेलं असतं. आपण फक्त शेवटचा भाग नव्याने शिकवतो.

आता खरी गंमत, आणि खरा धोकाही. चांगली फळं हिरव्या क्रेटवर आणि डागी फळं वर्तमानपत्रावर ठेवून फोटो काढले असतील, तर यंत्र डाग शिकत नाही, कागद शिकतं. डाग दाखवायला बोट टेकवलं असेल तर बोट शिकतं. दोन गटांत जो फरक सगळ्यात सोपा, तोच ते धरतं. पडताळा सोपा आहे: कॅमेऱ्यासमोर नुसतं वर्तमानपत्र धरा. ‘डागी ९९%’ आलं तर चोर सापडला. दोन्ही गट एकाच ताटलीत, एकाच उजेडात ठेवून पुन्हा फोटो काढा आणि रिकाम्या ताटलीचा तिसरा वर्ग करा. वर्ग दोनच असतील तर शंभर टक्के त्या दोघांतच वाटले जातात. लिंबू दाखवलं तरी उत्तर ‘चांगलं’ किंवा ‘डागी’ एवढंच येणार.

दुसरी फसगत अचूकतेच्या आकड्याची. हे साधन दिलेल्या फोटोंपैकी १५% चाचणीसाठी वेगळे काढतं, पण फळं वेगळी काढत नाही. एकाच संत्र्याचे तीन फोटो शिकवणीत आणि चौथा परीक्षेत आला की ते ओळखीचं फळ ओळखतं आणि गुण पैकीच्या पैकी. बटण दाबून ठेवून वेबकॅमने पटापट घेतलेल्या शंभर फोटोंचंही तेच: संख्या शंभर, वैविध्य एकाचं. म्हणून ती बाजूला ठेवलेली दहा फळं महत्त्वाची. त्यांपैकी सहाच बरोबर आली आणि साधन मात्र १००% दाखवत असेल, तर ते पाठांतर झालं. त्यालाच ‘ओव्हरफिटिंग’ म्हणतात. इपॉक वाढवून ते जात नाही, नवी फळं आणावी लागतात.

हंगामाचंही भान ठेवा. मृग बहाराच्या (पावसाळ्यात फुलणाऱ्या) केशरी फळांवर शिकवलेलं यंत्र आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) सुरुवातीच्या फळांवर अडखळू शकतं. आतून गोड झाली तरी ती बाहेरून हिरवट असतात, कारण सालीला रंग चढायला थंड रात्री लागतात. यंत्राला तो हिरवटपणा डाग वाटतो. अशा वेळी निरोगी हिरवट फळांचे तीस-चाळीस फोटो ‘चांगलं’ वर्गात घाला, डागी हिरवट फळांचे तेवढेच ‘डागी’ वर्गात, आणि पुन्हा ‘ट्रेन’ दाबा.