पिवळी मारबत सपाट का आली?

२००५ च्या तान्ह्या पोळ्याला सकाळी मी नागपूरच्या इतवारीत उभा होतो. गळ्यात नवाकोरा डिजिटल एसएलआर कॅमेरा, सहा मेगापिक्सेलचा, हप्त्यांवर घेतलेला. ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्यांत पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला पिवळा पुतळा, गल्लीच्या तोंडाशी आली आणि मी दणादण फोटो मारले. रोल संपायची भीती नाही, धुवायचा खर्च नाही. मध्येच मागच्या पडद्यावरचा उजेडाचा आलेखही (हिस्टोग्राम) पाहिला. उजव्या कडेला, म्हणजे कमाल उजेडाला, टेकलेला नव्हता, म्हणजे सगळं ठीक.

घरी संगणकावर फोटो मोठे केले तेव्हा कळलं. गालाची गोलाई, कागदाच्या घड्या, कपाळावर रंगाऱ्याने दिलेली गडद छटा, काहीच नाही. भिंतीवर हळदीचा हात पुसावा तसा नुसता पिवळा पट्टा.

महाल भागात आमच्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “रोलवर निघालं असतं बे पोट्ट्या. या डब्ब्यात काऊन नाही निघून राह्यलं?”

मामांचं म्हणणं खरं होतं. त्याचं कारण समजायला मला बरेच दिवस लागले.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात, काही मोठे, काही लहान. एका स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडला की त्यात चांदीच्या तीन-चार अणूंचा पुंजका तयार होतो. तेवढ्या खुणेवर डेव्हलपर, म्हणजे रोल धुवायचं रसायन, तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलून टाकतो. मोठे स्फटिक थोड्याशा प्रकाशात कामी येतात, लहानांना जास्त लागतो. म्हणून उजेड वाढत गेला तरी सगळे एकदम संपत नाहीत. मोठे संपले की मधले, मधले संपले की बारीक. शेवटी शेवटी उरलेलेच कमी असतात, त्यामुळे उजेड दुप्पट झाला तरी काळेपणा थोडाच वाढतो. हर्टर आणि ड्रिफिल्ड या जोडीने १८९० मध्येच याचा आलेख मांडला होता. त्याची वरची बाजू खांद्यासारखी उतरत जाते आणि तिला खांदाच म्हणतात. मामा दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर, म्हणजे चौपट प्रकाश (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), देऊन बसले, तरी कलर निगेटिव्हमध्ये नवरदेवाचा पांढरा फेटा दाट का होईना, पण शाबूत असायचा. निगेटिव्हवरून कागदावर फोटो उतरवणाऱ्या एन्लार्जरखाली जरा जास्त वेळ ठेवला की तो कागदावर उतरायचा. त्यांचा हात वर्षानुवर्षं त्याच नियमाने चालला होता: सावलीसाठी एक्स्पोजर द्या, उजेड आपला आपण सांभाळून घेतो.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरला हा खांदाच नाही. सिलिकॉनवर प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि पिक्सेलच्या खड्ड्यात जमा होतो. प्रकाश दुप्पट, तर इलेक्ट्रॉन दुप्पट. हिशेब सरळ रेषेत चालतो, अगदी बादली भरेपर्यंत. नळाखाली बादली लावल्यासारखंच आहे. काठापर्यंत पाणी आलं की पुढे नळ दहा मिनिटं चालला काय आणि तास चालला काय, बादली तेवढंच दाखवणार. सीसीडी नावाच्या काही जुन्या सेन्सरमध्ये वरचं पाणी शेजारच्या बादल्यांत सांडायचं आणि दिव्याभोवती उभी पांढरी रेघ यायची.

पण माझा आलेख तर कडेला टेकलाच नव्हता! मग बादली भरली कुठे?

याचं उत्तर कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या जाळीत आहे. तिचं पेटंट १९७६ चं. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवतात. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. हिरव्याला झुकतं माप, कारण उजेडाच्या बाबतीत आपला डोळा हिरव्यालाच जास्त मानतो. आता भर उन्हातली पिवळी मारबत घ्या. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. या दोन्ही बादल्या काठोकाठ भरल्या, निळी जवळजवळ कोरडी राहिली. कॅमेऱ्याने आलेख काढताना तिन्ही रंग एका सरासरीत मिसळले. त्यात लालचा वाटा साधारण ३० टक्के, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११. दोन रंग २५५ वर, म्हणजे कमाल आकड्यावर, आणि तिसरा शून्यावर असेल तर बेरीज येते २२७. आलेख २२७ पाशी थांबला आणि मी समजलो की अजून जागा आहे. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असा एकच आलेख असायचा. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पुढच्या पिढ्यांत सर्रास आले.

म्हणजे चूक माझीच, पण फसवणूक आलेखाची! दुसऱ्या वर्षी मी एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी केलं आणि मारबतीच्या कपाळावरची छटा परत आली.

काळ्या मारबतीची गंमत उलटी. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. चौकटीत काळी मारबत भरली की मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो आणि तिला राखाडी करून टाकतो. मागचं आभाळ तोवर जळून गेलेलं असतं. रोलवरही मीटर असाच फसायचा, पण तिथे खांदा मदतीला होता. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाला मीटर उलट्या बाजूने फसतो, घुमट मातकट येतो. मामा मीटरकडे बघायचेच नाहीत, तळहाताकडे बघायचे.

मग सरसकट कमीच एक्स्पोजर द्यावं का? तेही परवडत नाही. माझ्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरच्या मूळ आकड्यांची फाइल, १२ बिटची होती, म्हणजे उजेडाच्या ४०९६ पायऱ्या. हिशेब सरळ रेषेत असल्यामुळे सगळ्यात उजळ स्टॉपला त्यातल्या २०४८ मिळतात, त्याखालच्याला १०२४, मग ५१२, २५६, १२८, आणि सहाव्या स्टॉपच्या वाट्याला येतात फक्त ६४. सावलीत पायऱ्या अशा तुटपुंज्या, त्यात सेन्सरची स्वतःची खरखर मिसळलेली. म्हणून बादली सांडणार नाही इतपत पण जमेल तेवढी भरायची, ही नवी शिस्त. रोलवर चाळीस वर्षं हात बसलेल्या माणसाला ‘आता उजेड सांभाळ, सावली मागाहून बघू’ सांगणं म्हणजे डाव्या हाताने जेवायला सांगणं.

तरी लोक वळले, कारण गणित पैशाचं होतं. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅकमध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा १०० गुणिले १०० पिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. निकॉन डी१ आला १९९९ मध्ये, २.७ मेगापिक्सेल, किंमत बातमीदारांच्या कंपन्यांना परवडेल अशी. २००३ मध्ये कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला, पुढच्या वर्षी निकॉनचा डी७०, आणि लग्नाचे फोटोग्राफर रोलच्या डब्या मोजायचे थांबले.

नागपुरात आणखी एक कारण होतं: ऊन. ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायचा तर डेव्हलपर २० अंशांवर हवा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. मामा घमेल्यात बर्फ टाकून त्यात डेव्हलपरची टाकी उभी करायचे आणि थर्मामीटर धरून मला पहाऱ्याला बसवायचे. गरम आणि थंड पाणी आलटून पालटून लागलं तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात आणि फोटोवर भेगाळलेल्या शेतासारखी नक्षी उमटते. कोरे रोल फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी.

बर्फ सुटला, पण उन्हाने पाठ सोडली नाही. सिलिकॉन तापला की उजेड नसतानाही इलेक्ट्रॉन सुटतात. ढोबळमानाने दर ६ ते ८ अंशांना ही गळती दुप्पट होते. सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या फोटोत ती जाणवत नाही, मिनिटभराच्या फोटोत जाणवते. नागपूरची डिसेंबरची रात्र १० अंशांची आणि मे महिन्यातली ३० ची धरली तर फरक सात-आठ पटींचा झाला.

हे मला फुटाळा तलावावर दिसलं. मे महिन्यात रात्री दिव्यांची पाण्यातली प्रतिबिंबं मिनिटभर उघड्या शटरने टिपत होतो आणि काळ्या पाण्यात लाल-निळे ठिपके येत होते. उपाय सोपा आहे: लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचा दुसरा फोटो काढायचा. त्यात नुसती गळती उतरते, ती पहिल्यातून वजा करायची. मी झाकण लावून शटर दाबलं. मामा शेजारी कठड्यावर भाजलेलं कणीस खात बसले होते.

“झाकण लावून फोटू काढून राह्यला?”

मिनिट संपल्यावर मी तो काळा फोटो पडद्यावर मोठा करून त्यांच्यापुढे धरला. ठिपके होते तिथेच होते, पहिल्या फोटोतल्या त्याच जागी. मामांनी कणीस बाजूला ठेवलं, चष्मा खाली ओढला आणि बोटाने एकेक मोजायला लागले.