पुण्यात अकरावी विज्ञानाला प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि पसंतीक्रम

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल मे महिन्यात लागतो. २०२५ मध्ये तो १३ मे रोजी लागला. मधले दोन महिने बहुतेक घरांत गावी जाण्यात, लग्नकार्यात आणि 'निकाल लागू दे, मग बघू' असे म्हणण्यात जातात. निकाल लागला की प्रवेशाच्या तारखा एकामागून एक येतात, आणि नेमका तेव्हाच आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला कोणीतरी रात्रीच्या एसटीने गावी निघते. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि प्रवेशाच्या टेबलावर बसतो. मुलाला मार्क कमी पडले म्हणून प्रवेश हुकला तर ते समजू शकते. मार्क असूनही कागद नाही म्हणून हुकतो, त्याचे फार वाईट वाटते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पूर्वी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्याच ठिकाणी अकरावीचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने ऑनलाइन होत. २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यासाठी एकच पोर्टल झाले. त्यामुळे साताऱ्याचा किंवा अहिल्यानगरचा मुलगा पुण्यातल्या कॉलेजसाठी तिथूनच अर्ज भरतो. कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म मिळत नाही आणि 'आतून' काही होत नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

पात्रता

राज्य मंडळाची दहावी किंवा सीबीएसई, आयसीएसई, एनआयओएस यांसारख्या मान्य मंडळाची समकक्ष परीक्षा उत्तीर्ण, आणि त्यात विज्ञान विषय. वेगळी प्रवेश परीक्षा नसते. गुणवत्ता यादी दहावीच्या सर्वोत्तम पाच विषयांच्या गुणांवर लागते. एटीकेटी असलेल्या, म्हणजे एक-दोन विषय राहिलेल्या मुलांना अगदी शेवटच्या टप्प्यात संधी मिळते, पण तोपर्यंत नावाजलेल्या कॉलेजांत विज्ञानाच्या जागा सहसा उरलेल्या नसतात.

अर्जाचे दोन भाग

भाग एकमध्ये नोंदणी, वैयक्तिक माहिती, दहावीचा बैठक क्रमांक, प्रवर्ग आणि कागदपत्रे अपलोड करणे हे येते. २०२५ मध्ये नोंदणी शुल्क १०० रुपये होते. मोबाइल क्रमांक पालकांचा, कायम चालू असणारा द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा क्लासचा क्रमांक देऊ नका, कारण पासवर्ड आणि ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. भरलेली माहिती शाळेकडून किंवा मार्गदर्शन केंद्राकडून तपासून घ्यावी लागते. ती तपासली गेली आहे का, हे आपल्या लॉगिनमध्ये जाऊन स्वतः बघा.

भाग दोन म्हणजे पसंतीक्रम. किमान एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजे.

राखीव जागांसाठी यात वेगळा अर्ज नाही. भाग एकमध्ये प्रवर्ग जो नोंदवाल तोच पुढे चालतो. इनहाउस, अल्पसंख्याक आणि व्यवस्थापन या कोट्यांसाठी मात्र स्वतंत्रपणे पसंती द्यावी लागते. इनहाउस कोटा १० टक्के, त्याच संस्थेच्या शाळेतून दहावी झालेल्यांसाठी. व्यवस्थापन कोटा ५ टक्के. अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजाच्या मुलांसाठी ५० टक्के.

कागदपत्रे

खुल्या प्रवर्गातल्या मुलाला फार कागद लागत नाहीत. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो. शाळेचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो आणि परत मिळत नाही, त्यामुळे आधी त्याच्या तीन-चार साक्षांकित झेरॉक्स काढून ठेवा. सीबीएसईच्या मुलांना स्थलांतर प्रमाणपत्रही लागते, ते डिजिलॉकरवर मिळते.

सगळ्यांनी, प्रवर्ग कोणताही असो, एक गोष्ट दहावीचे वर्ष चालू असतानाच करावी. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये काय आहे ते बघावे. आधारवर 'बाळासाहेब' आणि शाळेत 'बाळू', एका कागदावर आडनाव 'मोरे' आणि दुसऱ्यावर 'मोरे पाटील', जातीच्या रकान्यात नुसतेच 'हिंदू' हे नेहमी दिसते. मूल शाळेच्या पटावर आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने ही दुरुस्ती होऊ शकते. दाखला एकदा हातात पडला की ते काम कितीतरी अवघड होते, आणि ती चूक बारावीनंतरच्या प्रत्येक प्रवेशात आडवी येते.

राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला लागतो. तो उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत देतात. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. इथे पुण्यातल्या कुटुंबांचा घोळ होतो. आपण वीस वर्षे हडपसरला किंवा चिंचवडला राहत असलो तरी अर्ज कुठे करायचा हे मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी शासनाने ठरवलेल्या जुन्या तारखेला, कुटुंब कुठे राहत होते यावर ठरते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या वेळी घर आताच्या लातूर जिल्ह्यात असेल तर अर्जही तिथल्याच प्रांताकडे. पुरावा त्या तारखेच्या आधीचा हवा: आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जात लिहिलेला जुना महसुली उतारा. वडिलांचा, काकांचा किंवा आत्याचा जातीचा दाखला, आणि त्याहून चांगले म्हणजे वैधता प्रमाणपत्र घरात असेल, तर काम खूप सोपे होते. म्हणून आधी भाऊबंदांना फोन करा. चुलत घरात बऱ्याचदा ते कपाटात असते.

ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना याशिवाय नॉन क्रीमी लेअर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नाही असे सांगणारे प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे द्यावे लागतात. प्रमाणपत्राची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, हे नीट लक्षात ठेवा. मोठ्या बहिणीच्या वेळी काढलेले जुने प्रमाणपत्र घेऊन लोक जूनमध्ये येतात आणि ते संपलेले असते.

आठ लाखांच्या मर्यादेबद्दलही गैरसमज फार आहेत. नॉन क्रीमी लेअरसाठी उत्पन्न मोजताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. मात्र ते कोणत्या पदावर आहेत हे वेगळे तपासले जाते. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्रासाठीही मर्यादा आठ लाखच आहे, पण तिथे पगार, शेती, धंदा सगळे धरतात. त्यामुळे 'आमचा पगार जास्त आहे, आम्हाला नॉन क्रीमी लेअर मिळणार नाही' असे घरबसल्या ठरवून टाकू नका. आधी तहसील कचेरीत किंवा सेतूत विचारा.

उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याने १५ दिवसांची मुदत ठरवून दिली आहे. मे-जूनमध्ये सेतू केंद्रांवरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे ते हा दाखला एप्रिल सुरू होताच काढतात. काही प्रमाणपत्रांच्या बाबतीत अर्जाची पावती आणि हमीपत्र घेऊन मुदत दिली जाते. ती सोय आहे, तिच्यावर विसंबून राहू नका. मुदतीत कागद आला नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो.

दिव्यांग, माजी सैनिकांची मुले, बदली होऊन आलेले पालक, प्रकल्पग्रस्त, खेळाडू आणि अनाथ यांच्यासाठी समांतर आरक्षण आहे. त्या-त्या सक्षम अधिकाऱ्याचेच प्रमाणपत्र लागते. खेळाडूंना क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, नुसते स्पर्धेचे सर्टिफिकेट चालत नाही.

पसंतीक्रम

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, आणि तेही हुशार मुलांचे.

नियम असा आहे: फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. दोन ते दहामधले कॉलेज मिळाले तर मात्र ते घ्यायचे की पुढच्या फेरीची वाट बघायची, हे आपण ठरवू शकतो. याचा अर्थ पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहायचे जिथे मूल आनंदाने दोन वर्षे जाईल. 'सेफ असावे' म्हणून घराजवळचे, मनात नसलेले कॉलेज पहिले टाकणारी मुले तिथेच अडकतात. पहिले कॉलेज कटऑफच्या आवाक्याबाहेरचे असले तरी खालच्या पसंतीचा हक्क जात नाही. तिथे नंबर लागला नाही की यंत्रणा तुमच्या दुसऱ्या पसंतीला त्याच गुणांवर बघते. म्हणून वरचे दोन-तीन मनासारखे, मधले चार-पाच गेल्या वर्षीच्या कटऑफच्या आसपासचे, आणि शेवटचे दोन खात्रीचे. कटऑफ बघताना आपल्या प्रवर्गाचा आणि त्याच फेरीचा बघा.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण पैशाशी जोडलेली आहे. पोर्टलवर एकच कॉलेज दोन-तीन वेगवेगळ्या कोडनी दिसते: विज्ञान अनुदानित, विज्ञान विनाअनुदानित, कुठे स्वयंअर्थसहाय्यित. फर्ग्युसन, एसपी, गरवारे, मॉडर्न, वाडिया अशी नावे वाचून कोड न बघता टिक करू नका. इमारत आणि बऱ्याचदा प्रयोगशाळाही तीच, फी मात्र कितीतरी पट वेगळी. अनुदानित तुकडीत मुलींचे शिक्षण शुल्क बारावीपर्यंत माफ असते. आधी अनुदानितचा कोड, त्याखाली गरज वाटली तर त्याच कॉलेजचा दुसरा, असा क्रम लावता येतो.

बायफोकल हवे असेल तर तेही आताच ठरवा. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स यांसारखा २०० गुणांचा विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. त्या जागा थोड्या असतात आणि त्यांचे प्रवेश वेगळ्या सूचनेने होतात. दोन्हीकडे लक्ष ठेवा. जीवशास्त्र सोडण्याची मात्र घाई नको. मुलाचे नक्की ठरलेले नसेल तर भौतिक, रसायन, गणित आणि जीव हे चारही घेऊ द्या.

अंतराचा विचार आई-वडिलांनी करावा, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला कॉलेजचे नाव दिसते, प्रवास दिसत नाही. वनाझ ते रामवाडी मेट्रोमुळे डेक्कन आणि गरवारेच्या परिसरातली कॉलेजे बऱ्याच जणांना जवळ आली आहेत. पण सिंहगड रोडहून किंवा मांजरीहून रोज दोन बस बदलून येणारे मूल प्रॅक्टिकलच्या दिवशी संध्याकाळी थकून घरी पोचते. अर्ज भरण्याआधी एकदा सकाळी सातच्या सुमारास मुलालाच त्या मार्गाने पाठवून बघा.

कॉलेज आणि क्लास यांची सांगड घालणाऱ्या 'इंटिग्रेटेड' पद्धतीविषयी स्पष्ट लिहितो. प्रवेश कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, हजेरी कागदावर. २०१८ मध्ये शासनाने यासाठीच विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सुरू करायला सांगितली. बारावीला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. ज्या मुलाने दोन वर्षांत एकदाही नीट टायट्रेशन केले नाही, ब्युरेटचा नळ कसा अलगद सोडायचा हे ज्याच्या बोटांना माहीत नाही, तो विज्ञान शाखेत नुसता नावाला असतो. क्लास लावा, पण कॉलेज बंद करू नका.

जूनपर्यंत मुलाची तयारी

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी सांगतो, कारण त्यांनाच पहिल्या सहामाहीत सर्वांत जास्त त्रास होतो, आणि तो बुद्धीमुळे होत नाही. बालभारतीच्या नववी-दहावीच्या विज्ञानाच्या इंग्रजी आवृत्त्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. एप्रिल-मेमध्ये रोज चार-पाच पाने मोठ्याने वाचायची. धडे शिकून झालेले असल्याने अर्थ माहीत असतो, डोळ्यांना आणि कानांना फक्त सवय करायची असते. त्यानंतर अकरावी भौतिकशास्त्राचे पहिले प्रकरण, एकके आणि मापन, चाळू द्या. गणितात त्रिकोणमिती पक्की हवी, कारण अकरावी कोन आणि त्याच्या मापनापासूनच सुरू होते. लॉग टेबल बघायला शिकवा. त्यासाठी एक दुपार पुरते आणि दोन वर्षे आकडेमोड सुटसुटीत होते.

मुलाला अजून विज्ञानच घ्यायचे की नाही ही शंका असेल, तर पुण्यात ती तपासायच्या जागा आहेत. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्याने होतात, तिथेच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण लोकांना बघता येते. तिथे मूल प्रश्न विचारत थांबते की मोबाइल काढते, एवढे जरी बघितले तरी 'सगळे मित्र घेताहेत' म्हणून घेतलेल्या विज्ञानापासून ते वाचेल.

प्रवेश झाल्यावर

कॉलेज मिळाले की लॉगिनमधून प्रवेशासाठी संमती द्यायची, दिलेल्या तारखांत कॉलेजात मूळ कागद दाखवायचे, फी भरायची, आणि आपल्या लॉगिनमध्ये प्रवेश निश्चित झाल्याची नोंद दिसते का ते त्याच दिवशी बघायचे. पावती आहे पण पोर्टलवर नोंद नाही असे दिसले तर तिथून न हलता कार्यालयाला ती करायला सांगा.

राखीव प्रवर्गातल्या मुलांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच, कॉलेजच्या पत्रासह, जिल्हा जात पडताळणी समितीकडे करावा. अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती आहे. अकरावीला हे प्रमाणपत्र मागत नाहीत म्हणून लोक ते विसरतात, पण बारावीनंतर अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या राखीव जागांसाठी ते लागतेच, आणि पडताळणीला कित्येकदा महिनोन्‌महिने लागतात. जातीच्या दाखल्यासाठी गावाहून आणलेले जुने उतारे त्याच फाइलमध्ये ठेवा. समितीला तेच पुन्हा लागतात.