खुलासा: ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) एकाच स्टुडिओत बनतं का?

‘ज्या स्टुडिओचं नाव झळकतं, त्यानेच अख्खी मालिका एका छताखाली काढलेली असते आणि कमाईही त्याचीच’, हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण चर्चेत नाव एकच असतं.

पण टीव्हीवरच्या बहुतेक मालिकांत पैसा घालते ‘निर्मिती समिती’. तिच्यात वाहिनी, प्रकाशक, म्युझिक कंपनी, खेळणीवाले असे भागीदार असतात. हक्क आणि नफा त्यांच्यात गुंतवणुकीप्रमाणे वाटला जातो. स्टुडिओला सहसा ठरलेलं बिल मिळतं. समितीत स्वतःचे पैसे घातले, तर नफ्यातही वाटा.

कामही विखुरलेलं असतं. ‘गेंगा’ म्हणजे मुख्य चित्रं काढणारे बरेचसे फ्रीलान्सर. मधली चित्रं, ‘दोगा’, अनेकदा कोरिया, चीन किंवा व्हिएतनामला जातात. कधी आख्खा भागच दुसऱ्या स्टुडिओकडे. एकेका कटचे (म्हणजे एका शॉटचे) कागद मोठ्या पाकिटात घालून चित्रकारांच्या घरून रात्री-अपरात्री गाडीने गोळा करतो तो निर्मिती सहायक. (डिजिटलमुळे त्याच्या फेऱ्या घटल्या, तगादे मात्र घटले नाहीत.) बहुतेक काम पगारी माणसांकडून आपल्याच इमारतीत करून घेणारे स्टुडिओ आहेत, पण थोडे.

खात्री करायची तर शेवटची श्रेयनामावली थांबवून बघा. ‘दोगा’खाली दुसऱ्याच कंपन्यांची नावं सापडतील. जपानीत ‘सेइसाकु’ (निर्मिती) दोनदा दिसेल: उच्चार एकच, पण पैसा घालणाऱ्यांच्या शब्दात पहिल्या अक्षराखाली ‘कपडा’ या अर्थाचं चिन्ह जोडलेलं असतं. ते चिन्ह नसलेल्या ‘सेइसाकु’सोबतचं नाव स्टुडिओचं.