रॅमचं व्होल्टेज की एसओसीचं? आकडा सारखा, परिणाम वेगळा

नवी रॅम टाकली, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा खोक्यावरचा वेग लावणारं तयार प्रोफाइल, चालू केलं आणि पीसी अधूनमधून निळा स्क्रीन दाखवू लागला, की जळगाव-धुळ्याकडे पहिला सल्ला ठरलेला: "रॅमले थोडं व्होल्टेज दे भो." कधी हा सल्ला लागू पडतो, कधी पार उलटा. कारण बायोसमध्ये मेमरीशी संबंधित व्होल्टेज एकच नसतं, आणि त्यातली दोन हमखास एकमेकांच्या जागी वाढवली जातात.

पहिलं डीरॅम व्होल्टेज. ते रॅमच्या पट्टीवरच्या चिपना मिळतं. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२, डीडीआर५ चं १.१. एक्सएमपी प्रोफाइलमध्ये डीडीआर४ च्या बहुतेक पट्ट्या १.३५ वर चालतात.

दुसरं प्रोसेसरच्या आत बसलेल्या मेमरी कंट्रोलरशी निगडित. एएमडीत त्याला एसओसी म्हणतात, इंटेलमध्ये सिस्टीम एजंट, म्हणजे एसए. पूर्वी हा कंट्रोलर मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचा. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ सोबत तो प्रोसेसरमध्ये आणला, इंटेलने डेस्कटॉपवर २००८ मध्ये. तेव्हापासून रॅम स्थिर चालणं हे पट्टीइतकंच प्रोसेसरवरही अवलंबून आहे. रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय ते पट्टीबद्दल. तुमचा प्रोसेसर चारही स्लॉट भरून तो वेग पेलेल याची हमी त्यात नसते.

गोंधळ महाग पडतो तो आकड्यामुळे. १.३५ व्होल्ट डीडीआर४ रॅमला रोजचा खुराक आहे, डीडीआर५ च्या एक्स्पो (एएमडीचं एक्सएमपी) प्रोफाइलमध्येही १.३५ किंवा १.४ सर्रास दिसतात. पण हाच १.३५ एएम५ (एएमडीचं डीडीआर५ वालं सॉकेट) बोर्डवर एसओसीला दिला तर? २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याच्या तक्रारी आल्या, आणि एएमडीने बायोस अपडेटमधून एसओसीवर १.३ ची मर्यादा घातली. तेव्हा एएम५ चा जुना बोर्ड सेकंडहँड घेतला असेल तर रॅमला हात लावण्याआधी बायोस अपडेट करा. त्याआधीच्या, डीडीआर४ वाल्या एएम४ वर एसओसीचं १.० ते १.१ मध्ये बहुतेकांचं काम भागतं. इंटेलच्या काही झेड मालिकेतल्या बोर्डांची खोड वेगळी: एक्सएमपी चालू केलं की 'ऑटो' एसए गुपचूप १.३ च्या वर नेऊन ठेवतं. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये खरा आकडा पाहा, बोर्डावर विश्वास टाकू नका.

(घरातल्या लाइटचं व्होल्टेज हा तिसराच विषय. ते खालीवर झालं म्हणून रॅमचे १.३५ हलत नाहीत. मधे एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) आणि बोर्डावरचे रेग्युलेटर असतात. स्टॅबिलायझर लावून मेमरीची एरर जात नाही.)

मग दोष कुणाचा हे कसं ओळखायचं? एकेक पट्टी सुटी लावून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा. एकच पट्टी एकटीनेही एरर देत असेल तर दोष बहुधा पट्टीचा. दोन्ही एकट्या पास आणि एकत्र नापास, तर बोट कंट्रोलरकडे किंवा बोर्डकडे. वेग तोच ठेवून सीएल (रॅम उत्तर द्यायला किती आवर्तनं घेते ते टायमिंग) १६ चं १८ केल्यावर एरर गेल्या, तर रॅमला त्या टायमिंगवर व्होल्टेज कमी पडत होतं, तिथे ०.०१-०.०२ ने वाढवणं योग्य. टायमिंग कितीही सैल केलं तरी सुधारत नाही, पीसी चालू होतानाच अडकतो, वेग ३६०० वरून ३२०० केला की मात्र सुतासारखा सरळ होतो, तर एसओसी किंवा एसए तपासा. तेही नुसतं वाढवून नाही: एसओसी गरजेपेक्षा जास्त झालं तरी अस्थिरता येते, त्यामुळे कधी कमी करणं हाच इलाज असतो. एका वेळी एकच आकडा बदला. दोन्ही एकदम वाढवले तर पीसी चालेलही, पण कशामुळे ते कळणार नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण: मे महिना. रॅमचा प्रत्येक बिट इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो आणि त्यातला चार्ज गळत राहतो. उष्णता वाढली की जास्त वेगाने. म्हणून तर डीडीआर४ च्या मानकात साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश आहे, आणि चिप ८५ अंशांपुढे गेली की त्याच्या निम्म्या अंतराने. वेग मिळवायला हे रिफ्रेशचं अंतर, टीरेफी, ताणून ठेवलेला पीसी जानेवारीत गुण्यागोविंदाने चालतो. भुसावळात पारा ४५ ला टेकला की तोच कोसळतो. अशा वेळी "थोडं व्होल्टेज दे" हा सल्ला आगीत तेल ओततो, कारण व्होल्टेज वाढलं की पट्टी आणखी तापते. ओव्हरक्लॉकवाल्यांची (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पीसी चालवणाऱ्यांची) आवडती सॅमसंग बी-डाय या चिपची रॅम १.४५-१.५ सहज घेते, पण पन्नाशीच्या आसपास एरर देऊ लागते. उन्हाळ्यात तिथे १.३८ वर उतरून सीएल एक-दोनने सैल करणं, टीरेफी परत ऑटोवर नेणं किंवा रॅमवर वारा जाईल असा एक पंखा बसवणं जास्त उपयोगी.

चाचणीची वेळही चुकते. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून पास झालं, तेव्हा खोली गार होती आणि ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलं होतं. गेम खेळताना त्याच कार्डाची गरम हवा रॅमवरून जाते. म्हणून दुपारी दोन-तीनच्या सुमारास, कॅबिनेट टेबलाखालच्या नेहमीच्याच कोपऱ्यात ठेवून, रॅम आणि ग्राफिक्स दोन्हींवर एकत्र भार टाकून तासभर ओसीसीटी (भार टाकून पीसी तपासणारा प्रोग्राम) चालवा.